मुंग्यांतला मोहनसिंग

मुक्काम तांडा, सिद्धेश्वर धरणाच्या कडेला
फेब्रुवारी २००५, रविवार

मोहनसिंग भाऊ, तुला धाकट्या देविदासचा जय सेवालाल. तिकडं भिवंडीत वहिनी असेल तर तिलाही, लेकरं असतील तर त्यांच्या गालाला हात, आणि यातलं काहीच नसेल तर सगळा नमस्कार तू एकट्यानंच ठेवून घे, वाया जाऊ देऊ नको. इकडं सगळे बरे आहेत. हरभरा निघाला, म्हैस व्याली, वसरामच्या पोराचं लगीन जमलं, मोडलं आणि परत जमलं. तुझी तब्येत कशी आहे? हे मी रिवाज म्हणून विचारत न्हाई, भाऊ. खरंच विचारून राहिलो. भूक लागते का, आरशात दिसतोस का, उन्हात उभा राहिलास तर सावली पडते का, हे बराबर तपासून कळव. कारण तू जर भिवंडीत असशील, तर दर शनिवारी दिवेलागणीला तुझ्या आईच्या, रूपाकाकीच्या टीव्हीत येऊन उभा राहणारा तो कोण, हा सवाल इथं सगळ्यांच्या तोंडावर आहे आणि विचारायची कोणाची हिंमत न्हाई. मला हिंमत न्हाईच, पण मला लिहिता येते.

मी तांड्यावर कसा, असं तुला वाटंल. मी पण सोडलाच होता तांडा. आठवीत गणिताच्या सरांनी वर्गाबाहेर उभं केलं, मी तसाच चालत सुटलो तो आत्ता कुठं थांबलो. मधी वाशीमला एका बँडपार्टीत डोक्यावर दिव्याच्या नळ्या धरल्या (वरातीत सगळ्यात उजेडात तोच माणूस असते आणि त्यालाच कोणी बघत न्हाई), मग हिंगोलीच्या दसऱ्यात मौत का कुवावाल्याकडं आरोळ्या दिल्या, घसा गेला म्हणून ते सोडलं. आता नांदेडच्या एका शेटकडं छत्र्या बसवतो. टीव्हीच्या, पावसाच्या न्हाई. रोज नवं गाव, रोज नवे पत्रे, मला हे मानवलं. असाच कळमनुरीच्या बाजारात छत्री खांद्यावर घेऊन फिरत होतो तर रत्नपाल भेटला. हट्टा गावचा रत्नपाल, तुझ्या मागं मागं फिरून कोंबड्याचा आवाज शिकला तो. आता तो डोळे तपासणाऱ्या डॉक्टरांच्या गाडीवर असते. त्यानं मला छत्रीसकट बाजूला ओढलं.

"देव्या, तुझ्या काकीला समजाव बाबा. उजवा डोळा तर गेलाच. डाव्यात मोतीबिंदू पिकून राहिला. यंदाच्या शिबिरात काढलं न्हाई तर तो बी गेला समज. मी किती खेपा घातल्या. दर खेपेला चहा पाजते अन् वापस लावते."

"काहून पण?"

"ते तूच विचार," रत्नपाल म्हणाला आणि इकडं तिकडं पाहून घेतलं. "मी एकदा शनिवारी गेलो होतो. आता शनिवारी जात न्हाई."

तर मी आलो. काकीला विचारलं. काकी ज्वारीचं पीठ मळत होती, वाळून खारकेसारखी झाली, आणि माझ्याकडं न बघता माझ्या आवाजाकडं बघून बोलते. म्हणाली, "ह्या डोळ्यानं माझा पोरगा दिसते मला. तुझा डागदर नवा डोळा देईल. नव्या डोळ्यात पोरगा बी देईल का? विचार त्याला. लिहून देत असंल तर येते." रत्नपालनं हे खरंच डॉक्टरांना विचारलं (तो तसाच आहे अजून). डॉक्टर म्हणाले, घरातलं कोणी शहाणं माणूस घेऊन या. ते शहाणं माणूस मी ठरलो. बघ काय पाळी आली.

भाऊ, तुला ती 'गंमतपेटी' आठवते का? शनिवारची? मी छत्र्या विकतो, माझ्या छत्रीत आज शंभर चॅनल आहेत, पण मानलं तर तेच मानलं. एकाच कार्यक्रमात गाणं, नकला, कबुतरवाला जादूगार, नवरा-बायकोचं भांडण, आणि शेवटी सगळे मिळून नाच. थावराकाकांनी तो लाकडी दाराचा टीव्ही आणला, बैलगाडीवर मांडला, पळसावर अँटेना. तू झाडावर, आमी खाली. "आलं का?" "आलं!" "आता?" "गेलं!" त्या निवेदकाचा चौकटीचा चष्मा आणि कुत्र्याच्या कानाएवढी कॉलर. तो हात जोडून "नमस्कार मंडळी, बरे आहात ना?" म्हणायचा की आख्खा तांडा हात जोडून "बरे आहोत" म्हणायचा. बाया पदर पुढं ओढायच्या, परका पुरुष थेट डोळ्यात बघून बोलते म्हणून. काकी तर त्याला सगळं सांगायची, पाऊस न्हाई, शेळी आटली. वसराम हसला तर त्याला म्हणायची, "मला कळत न्हाई का, पेटीत माणूस बसत नसते? पण नमस्कार केला त्याला उलटा नमस्कार करावा. पेटीत असो का पाटीत असो." आणि जादूगारानं ती बाई करवतीनं अर्धी कापली आणि तेवढ्यात लाईट गेली, तो शनिवार! पलीकडच्या वस्तीतली भागूबाई पुढचा शनिवार येईपर्यंत एक वेळ जेवली. "तिकडं ती बाई अर्धी पडलेली, मला घास कसा उतरावा," म्हणून. दुसऱ्या शनिवारी कोणी त्या बाईचं नावच काढलं न्हाई. भागूबाईनं त्या निवेदकाला ज्या शिव्या दिल्या त्या मी पुढं मौत का कुवात वापरल्या. मला वाटते तेव्हापासून त्या पेटीचं आणि आपलं देणंघेणं साधं राहिलं न्हाई. आपण उत्तर देत गेलो. कोणीतरी ऐकायची सवय लावून घेतली असेल.

आता तुझा शनिवार. मला लिहायचा न्हाई, पण त्याच्याशिवाय पुढचं कळणार न्हाई. तुला औंढ्याच्या जत्रेत नकला करताना 'गंमतपेटी'च्या त्या पिशवीवाल्या साहेबांनी हेरलं, तू मुंबईला जाऊन नकला करून आलास, आणि तारीख सांगितलीस. नवा सदरा घालून आमच्या मधोमध बसलास. चष्मेवाला म्हणाला, "आता येत आहेत परभणी जिल्ह्यातले (तेव्हा हिंगोलीला जिल्हा कुठं होता) आवाजाचे जादूगार, मोहनसिंग..." आणि लाईट गेली. ट्रॅक्टरची बॅटरी काढून जोडेपर्यंत पडद्यावर कबुतरं उडत होती. वसराम म्हणाला, "नाव काय, कोणाचंबी घेतील." कोणी तरी हसलं. तू चिडून बापाशी, काकांशी, तोंडाला तोंड दिलंस आणि थावराकाका सगळ्यांपुढं ओरडले, "जा मग! त्या पेटीतच जा! तोंड दाखवायचं तर तिथंच दाखव!" सकाळी तू नव्हतास. काका गेले तेव्हा तुला तार केली होती, ती परत आली, माणूस सापडत न्हाई म्हणून. हा भिवंडीचा पत्ता पेमाच्या जावयानं दिला. तो म्हणतो, यंत्रमागाच्या खोलीवर तुझ्यासारखा एक जण कोंबडा बोलवत होता. पाठमोरा होता म्हणे.

काका बोलले त्याला अकरा-बारा वर्षं झाली. माणसं रागात बोलतात, कोण मनावर घेते. पण भाऊ, पेटीनं घेतलं, असं दिसते.

मी आलो त्या शनिवारी उजेड होता अजून, धरणावरून बगळे वापस येत होते. काकीनं अंगण झाडलं, हातपाय धुतले, ठेवणीतली ओढणी काढली. टीव्ही तोच, गाडीवरून आता घरात कोनाड्याखाली आला. मी म्हणालो, काकी, ह्याच्यावर आता काही येत न्हाई, मी तुला फुकट छत्री बसवून देतो. म्हणाली, "बस गप." मग जळबा आला, पेमा आली, भागूबाई काठी टेकत आली. आपापल्या जागेवर बसले, त्याच जुन्या जागा, आणि मधी एक जागा मोकळी सोडली. तुझी. मी तिथं टेकणार तर जळबानं माझं धोतर (मी पँट घालतो, पण त्यानं धोतर ओढल्यासारखंच ओढलं) धरून मला बाजूला केलं. काकीनं टीव्हीची लाकडी दारं सरकवली, बटण दाबलं. मुंग्या. नुसत्या काळ्यापांढऱ्या मुंग्या आणि खर्रर्र आवाज. काकीनं पदर पुढं ओढला, हात जोडले. सगळ्यांनी जोडले. "बरे आहोत," सगळे एका आवाजात म्हणाले.

मला हसू यायला लागलं होतं, ते तिथंच बसलं.

मग ते बघत राहिले. मुंग्यांकडं. थोड्या वेळानं पेमा गालात हसली. मग जळबा. मग सगळे एकदम खो खो, आणि एकदम बंद, जसं विनोद संपला. मग गाणं चालू असल्यासारख्या माना हलल्या, सगळ्यांच्या एकाच ठेक्यात. भागूबाईनं मधीच डोळे झाकले, मी ओळखलं की करवतीवाला आला. भाऊ, मी त्यांची तोंडं बघत होतो, पडद्याकडं बघायची छाती होत नव्हती. मुंग्यांचा उजेड तोंडावर पडला की सुरकुत्या पुसल्यासारख्या होतात, अन् पेमा मला पेमाच्या सुनेएवढी दिसायला लागली. आणि मग ते परत हसले. आणि खरं सांगतो, त्यांच्या आधी मी हसलो. अर्धा क्षण आधी. कशावर हसलो ते मला आजपण सांगता येणार न्हाई, पण फार चांगला विनोद होता.

मी म्हणालो, हे काही खरं न्हाई, वायर खराब असेल. (मी कामाचा माणूस आहे, भुताला पण आधी वायर तपासतो.) सकाळी पळसावर चढलो. अँटेना होता, चार काड्या मोडलेल्या. वायर न्हाई. उतरून विचारलं तर जळबा म्हणाला, "ती होय? ती म्या कवाच नेली, बोकडाला बांधाया. फार मजबूत निघाली. बोकड मेला, वायर हाये." आता, अँटेना नसला तरी मुंग्या येतात, त्यात नवल न्हाई, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. पण मुंग्या ठेक्यात नसतात, भाऊ. मुंग्यांना कार्यक्रम नसते.

मी शेटचं काम टाकून कालच्या शनिवारापर्यंत राहिलो. तुला माहीत आहे मी कुठं राहत न्हाई, तर राहिलो याच्यावरून समज. या खेपेला पडद्याकडंच बघायचं ठरवलं. आधी नुसत्या मुंग्याच. मग आवाज बदलला. त्या खर्रर्रमधून बैलगाडी निघाली, उताराला लागलेली, चाकाचा आख करकरणारा. मग एस.टी. निघाली, गिअर न पडणारी. तो ड्रायव्हर गिअर टाकताना एक शिवी द्यायचा ती पण आली. ही सगळी यादी मी ऐकली होती, तू मुंबईला जायच्या आधी धरणावर बसून रोज घोकायचास. बैलगाडी, एस.टी., व्यायलेली म्हैस आणि शेवटी आपला लंगडा कुत्रा. मी कान बंद केले. तरी कुत्रा आलाच. आणि बाहेर, तांड्यातले सगळे कुत्रे उठले आणि त्याला उत्तर द्यायला लागले.

आतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. वसराम, ज्यानं त्या दिवशी तुला टोमणा मारला होता, तो दाराबाहेर उभा होता. तो कधी आत येत न्हाई म्हणे, दर शनिवारी बाहेरूनच टाळ्या वाजवून जाते. काकीनं मोकळ्या जागेकडं हात केला, जसं कोणी बसलेल्याच्या डोक्यावरून फिरवावा, आणि मला म्हणाली, "दिसला? सदरा तोच हाये. वाळला जरा. तिथं जेवण बराबर भेटत नसंल." मी म्हणालो, दिसला. मला काही दिसलं न्हाई. पण न्हाई म्हणायला जीभ वळली न्हाई.

तर असं आहे. काकीच्या डोळ्यावर जी साय धरली आहे, तिच्यातून मुंग्यांत तू दिसतोस, आणि ती साय काढू देत न्हाई. शिबिर शिवरात्रीनंतर कळमनुरीला आहे. रत्नपाल म्हणतो, हे शेवटचं समज. डोळा जाईल आणि मग तू पण जाशील, कारण आंधळ्या डोळ्याला मुंग्या पण दिसत नसतात. मी हे काकीला सांगितलं तर म्हणाली, "मग आवाज येईल की."

बाकी क्षेम. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुझ्या शेजारी जे कोणी असेल, दिसणारं, न दिसणारं, त्यालाही.

तुझा
देविदास

ता. क. — वर सगळं लिहिलं ते तुला भेवडायला न्हाई. खरं काम हे आहे. तू येऊ नको. (आलास तर आनंदच, पण अकरा-बारा वर्षांत न आलेला माणूस पत्रानं येत नसते, एवढं मला कळते.) एक कॅसेट धाड. तिच्यात तुझा आवाज नको, त्या चष्मेवाल्याचा काढ. तुला तो हुबेहूब यायचा. म्हण, "नमस्कार मंडळी, आज रूपाबाईंना खास सांगणं की त्यांनी डोळ्याच्या शिबिराला जावं." मी पेमाच्या नातीचा, सपनाचा टेप आणून टीव्हीच्या मागं दडवतो आणि बराबर वेळेला लावतो. काकीनं त्याचं आजवर काहीच मोडलं न्हाई, त्यानं साबणानं हात धुवा म्हटलं तर धुतले होते. यात फसवणूक आहे, पण डोळ्यापुरतीच आहे.

ता. क. दुसरा — पत्र टाकायला औंढ्याला निघालो तर तिथं शिवरात्रीची जत्रा लागलेली. पाळण्यावाल्यांना माणूस कमी पडत होता, मी राहिलो. त्यामुळं पत्र खिशातच राहिलं, घडीवर तेल पडलं ते जिलेबीचं आहे, माफ कर. वापस आलो तो शनिवारीच. म्हणजे तुला काहीच कळलेलं न्हाई, तुझी कॅसेट आलेली न्हाई, सपनाचा टेप सपनाच्या घरी, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. नमस्कार झाला, बरे आहोत झालं, हसून झालं. मग खर्रर्र एकदम थांबला. टीव्ही चालू, मुंग्या चालू, आणि आवाज न्हाई. धरणाच्या पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला, इतकं शांत. आणि त्यातून कोणी तरी म्हणालं, "याडी, जा तू. मी थांबतो." चष्मेवाल्याचा आवाज न्हाई, भाऊ, तो काहून काकीला आई म्हणंल. तुझा. सर्दी झाल्यावर होते तसा. काकी उठली, टीव्हीची दारं लावली, आणि म्हणाली, "देव्या, रत्नपालला निरोप दे. अन् ओढणी कोणती घेऊ?" भागूबाई रडायला लागली. जळबा म्हणाला, "नवी घे. तिथं मोठमोठे लोक येतेत." मी बाहेर गेलो आणि वसरामच्या गळ्यात पडलो. त्यानं पण ऐकलं होतं.

ता. क. तिसरा — पत्र अजून टाकलेलं न्हाई, कारण दवाखान्यात काकीजवळ मीच होतो (घरातलं शहाणं माणूस). डोळा चांगला झाला. पट्टी काढली तेव्हा तिनं पहिल्यांदा रत्नपालला पाहिलं आणि म्हणाली, "तू इतका काळा असशील असं वाटलं न्हाई." मग मला बघून म्हणाली, "अन् तू इतका म्हातारा." सव्विसावं लागलं मला. आता काळा चष्मा लावून तांडाभर फिरते, कोणाच्या घरी किती जाळी लागली ते सांगते, बाया कंटाळल्या.

काल शनिवार होता. काकीनं टीव्हीची दारं सरकवली, बटण दाबलं, सगळे बसले. काकीनं नव्या डोळ्यानं बराच वेळ पाहिलं. चष्मा काढून पाहिलं. मग म्हणाली, "मुंग्याच हायेत रे ह्या." तिला वाईट वाटलं असं दिसलं न्हाई. ओढणीनं पडदा पुसला, बटण बंद केलं आणि मला म्हणाली, "नकली किती दिस बघू? आता खरा पाहिजे. लिही त्याला, होळीला ये म्हणा. लेंगीची गाणी म्हणायला गडी कमी पडतेत. अन् त्याचा बाप जे बोलला ते मी वापस घेते, घरची मालकीण मीच हाये." हे तिचं बोलणं जसंच्या तसं. म्हणून पहिल्या ता. क.मधलं 'येऊ नको' ते मी खोडत न्हाई, कागद फाटंल, पण ते न्हाई असं समज. ये.

ता. क. चौथा, आणि हा काकीला माहीत न्हाई. ती बटण बंद करत होती तेव्हा मी तिच्या मागंच उभा होतो. माझे डोळे चांगले आहेत, रत्नपालनं तपासून दिले. तिला मुंग्या दिसल्या. मला तू दिसलास. सदरा तोच, वाळला आहेस खरा, आणि तू काकीकडं बघत नव्हतास, माझ्याकडं बघत होतास, आणि बाजूला सरकून जागा करून देत होतास. मी आता शनिवारी नांदेडलाच राहणार. तर हे पत्र आज नक्की टाकतो, तू जसा असशील तसा उत्तर लिही, दोन ओळी चालतील. फक्त पोस्टानं धाड. टीव्हीवरून दिलेलं मी धरणार न्हाई.